दोन सायकली आणि मायोर्काचा किनारा

“अरे, सायकल चालवायला कुणी परदेशात जातं का?”

मुलानं फोनवर बेत सांगितला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे. परदेश म्हणजे बसमधून उतरायचं, फोटो काढायचे, परत बसमध्ये चढायचं आणि रात्री हॉटेलवर डब्यातले ठेपले खायचे, एवढीच माझी कल्पना. सायकलचं म्हणाल तर माझं माहेर सांगलीचं. सपाट गाव, त्यामुळे कॉलेजपर्यंत सायकलीवरच वाढले. पण लग्न होऊन नाशिकला आले आणि सायकल सुटली ती सुटलीच. मध्ये एकतीस वर्षं गेली.

पण मुलगा जर्मनीत राहतो आणि त्याच्या ऑफिसातली माणसं दर वसंतात भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर सायकली चालवायला जातात. “आई, सगळा किनारा सपाट आहे. बॅटरीची सायकल मिळते. बाबांना घेऊन जा,” त्यानं हट्टच धरला.

खरी अडचण तीच होती. बाबांना घेऊन जा!

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, हे बरे झाले. बरी झाले नाही ती मी. सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, भाजीतलं मीठ, जिन्याच्या पायऱ्या, सगळ्यांवर माझा पहारा. हे बाथरूममध्ये पाच मिनिटं जास्त राहिले की मी दार वाजवणार. मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात असं दुखणं येऊन गेलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. नवरा घरी सुखरूप परत येतो, पण आपण काही त्या हॉस्पिटलच्या बाकावरून उठत नाही.

मला वाटलं, डॉक्टरच नाही म्हणतील आणि विषय संपेल. पण त्यांनी ट्रेडमिलवरची चाचणी घेतली, रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, “जा की. फक्त एक पाळा. चालवताना एक सबंध वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं. थोडक्यात, बोलत बोलत चालवा.”

आता आमच्या ह्यांच्याकडे सबंध वाक्य असतं कुठे? “हं”, “बरं” आणि “बघू” एवढ्यावर तीस वर्षांचा संसार झाला आहे. पण डॉक्टरांचा हुकूम! तीन महिने आम्ही रोज पहाटे गंगापूर रोडनं सोमेश्वरापर्यंत सायकलीनं जात होतो. पहिल्या दिवशी मी दोनदा पाय टेकले आणि एकदा दूधवाल्याच्या कॅनवर जाऊन आदळले. आठवड्याभरात मात्र जुनं अंग जागं झालं. सायकल विसरत नाही म्हणतात ते खोटं नाही.

मायोर्का हे स्पेनच्या ताब्यातलं, बालेआरिक बेटांपैकी सर्वांत मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे ३,६४० चौरस किलोमीटर. वायव्येला त्रामुंताना डोंगरांची उंच भिंत. तिथल्या दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतीमुळे युनेस्कोनं २०११ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत घेतली. आम्ही त्या डोंगरांच्या वाटेला फारसे जाणार नव्हतो. आमचा बेत किनाऱ्याचा. एप्रिलअखेरचे दिवस, पुण्या-नाशिकच्या डिसेंबरसारखं ऊन आणि रस्त्याकडेला रानटी लाल खसखशीची फुलं.

पहिला दिवस पाल्मा या मुख्य शहरात गेला. समुद्राच्या काठाशीच तिथलं प्रचंड मोठं कॅथेड्रल उभं आहे. तेराव्या शतकात बांधायला घेतलेलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गौदी या प्रसिद्ध वास्तुकारानं आतून बदललेलं. त्याच्या पायथ्यापासून खाडीच्या कडेकडेनं सायकलींसाठी वेगळी वाट आहे. एका बाजूला नावा, दुसऱ्या बाजूला ताडाची झाडं. शाळेतली मुलं, आजोबा, टोपलीत पाव घेतलेल्या बायका, सगळी तिथून जा-ये करत होती. त्या वाटेवर मी ह्यांना पहिल्यांदा म्हटलं, “अहो, बोला काहीतरी.”

हे म्हणाले, “काय बोलू?”

“वाक्य बोला. सबंध.”

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “समुद्र डाव्या हाताला हवा होता का उजव्या?” परत येताना आम्ही खरंच तेवढ्यावर अर्धा तास वाद घातला!

दुसऱ्या दिवशी बसनं तासाभरात बेटाच्या उत्तर टोकाला आल्कुदियाला गेलो. पुढचे पाच दिवस मुक्काम तिथेच. आल्कुदियाला अजून जुनी तटबंदी आहे, आणि तटाबाहेर पोलेंतिया या रोमन नगराचे अवशेष. मंगळवारी आणि रविवारी तिथे बाजार भरतो. ऑलिव्हचे वीस प्रकार, सुके अंजीर, बदाम, लसणाच्या वेण्या. आपल्या आठवडी बाजारात असतो तोच गलका, तसंच घासाघीस करणं.

सायकली तिथेच भाड्यानं घेतल्या. बॅटरीची सायकल म्हणजे स्कूटर नव्हे, हे नीट समजून घ्या. पॅडल तुम्हीच मारायचं असतं. तुम्ही जोर लावला की मोटर जोडीला जोर देते आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मदत बंद करते. मदत किती हवी ते बटणावर ठरवता येतं. रात्री बॅटरी काढून खोलीत चार्ज करायची.

पहिल्याच दिवशी मी जिवावरचा घोटाळा केला. स्पेनमध्ये वाहनं उजव्या बाजूनं चालतात. रस्त्यावर आलं की इतर गाड्या पाहून आपोआप जमतं. पण पाणी प्यायला थांबले आणि पुन्हा निघाले ती सवयीनं डाव्या बाजूनं, थेट गोल चौकात उलटी. समोरून ट्रक. ड्रायव्हरनं वेळेवर ब्रेक दाबला, हातानं मला शांतपणे पलीकडे जायची खूण केली आणि शिवी न देता निघून गेला. पाय लटपटत होते. त्या दिवसापासून प्रत्येक थांब्यानंतर हे मोठ्यानं म्हणायचे, “उजवं!” आणि मी म्हणायची, “उजवं!” तिथल्या कायद्यानं मोटारवाल्याला सायकलस्वारापासून निदान दीड मीटर अंतर ठेवावंच लागतं, आणि बहुतेक जण ते पाळतात. तरी आपली चूक ती आपलीच.

तिसऱ्या दिवशी आल्कुदियाहून पोर्त दे पोयेंसाला गेलो. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, रस्ता समुद्राच्या इतका जवळून की लाटेचे थेंब चपलेवर यावेत. जाताना समुद्र उजव्या हाताला. वादाचा निकाल लागला! मात्र एक ध्यानात आलं. सकाळी पाणी आरशासारखं असतं आणि दुपार झाली की समुद्रावरून वारा सुटतो. कोकणातल्या आपल्या माणसांना खारे वारे सांगायला नकोत, तेच हे. तिथे त्याला ‘एम्बात’ म्हणतात. हा वारा तोंडावर आला की सपाट रस्ताही घाट होतो. म्हणून लवकर निघावं आणि दुपारी परतावं.

चौथा दिवस स’आल्बुफेराच्या पाणथळीत गेला. एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज कंपनीनं ही दलदल उपसून शेतजमीन करायचा घाट घातला होता, तो फसला. १९८८ मध्ये ती संरक्षित केली. बालेआरिकमधलं ते पहिलं निसर्गोद्यान. आत मोटारी नाहीत, नुसता बोरूच्या रानातून वारा. एका लपणीत बसून पाहिलं तर समोर निळीजांभळी, लाल चोचीची पाणकोंबडी! नांदूर मध्यमेश्वरला आपण पाहतो तिची ही चुलत बहीण. इथून ती नाहीशी झाली होती, १९९१ मध्ये पुन्हा आणून सोडली. परदेशात ओळखीचं कुणी भेटावं तसं झालं. हे तब्बल दहा मिनिटं त्या पक्ष्याबद्दल बोलत होते. बोलत होते, मी मोजलं.

पाचवा दिवस मी विसरणार नाही.

पोर्त दे पोयेंसाच्या पुढे फोर्मेंतोरचं टोक आहे. अगदी शेवटी १८६३ साली सुरू झालेलं दीपगृह, आणि तिथवर डोंगर कोरून नेलेला वळणावळणांचा रस्ता. दीपगृह आम्हांला झेपणारं नव्हतं. पण पाच-सहा किलोमीटरवर, घाटमाथ्यावर एल् कोलोमेर नावाचा कडा आहे. दोनशे मीटरहून जास्त खोल खाली समुद्र दिसतो म्हणे. तिथपर्यंत जायचं ठरलं.

चढ सुरू झाला आणि माझी सायकल जड झाली. बटण दाबलं, पडद्यावर लाल दिवा. आदल्या रात्री मी ह्यांची बॅटरी आठवणीनं चार्जिंगला लावली होती, ह्यांच्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या, ह्यांची पाण्याची बाटली भरून ठेवली होती. आणि माझी बॅटरी? ती तशीच कोपऱ्यात राहिली होती.

अर्ध्या घाटात एका वळणावर पाइनच्या झाडाखाली उतरले. “चला, परत जाऊ,” मी म्हटलं.

हे वर बघत होते. “तू बस इथे सावलीला. मी जाऊन येतो.”

“एकटे? अहो, काही झालं तर? वर रेंज नसली तर?”

“अगं, चढ लागल्यापासून मी बोलतोय. एक तरी वाक्य तुटलं का?”

खरंच तुटलं नव्हतं. तुटलं होतं ते माझं. उत्तर देताना मीच धापा टाकत होते. मग मी काय बोलणार? हे निघाले. पांढरी टोपी एका वळणावर दिसली, दुसऱ्या वळणावर दिसली, मग दिसेनाशी झाली.

दोन वर्षांत मी ह्यांना असं नजरेआड होऊ दिलं नव्हतं. पहिली दहा मिनिटं घड्याळ पाहिलं. किती सायकलवाले गेले ते मोजलं. वरून येणाऱ्या एका बाईला थांबवून विचारावंसं वाटलं, पण भाषा? मग हळूहळू कान मोकळे झाले. खाली कुठेतरी बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. पाइनचा वास येत होता. मी पाठ टेकली. किती तरी दिवसांनी मी नुसती बसले होते, कुणाचंही काही न करता.

पन्नास मिनिटांनी हे आले. चेहरा लाल, टोपी तिरकी, आणि डोळ्यांत असं काही, जे मी मुलाच्या जन्माच्या वेळी पाहिलं होतं. कडा, खालचा निळा रंग, समुद्रातून उभा वर आलेला खडक, सगळं सांगत सुटले. मग उतरले, माझ्यासाठी सीट खाली केली आणि सायकलचं हँडल माझ्या हातात दिलं. “आता तू जा. मी बसतो इथे.”

मी एकटी वर गेले. एकतीस वर्षांनी एकटीनं घाट चढले, मोटरच्या मदतीनं का होईना. काय पाहिलं ते नाही सांगत. तुम्ही जाऊन पाहा.

सहाव्या दिवशी खाडीच्या कडेनं दक्षिणेला कान पिकाफोर्तला गेलो. पलीकडे सोन रेआल म्हणून जागा आहे. सायकली लावून किनाऱ्यानं चालत जायचं. ऐन लाटांच्या तोंडावर दगडी कबरी आहेत, इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकापासूनच्या. गोल, चौकोनी, काही नावेच्या आकाराच्या. आम्ही तिथल्या खडकावर बसलो. आता सायकल चालत नव्हती, बोलायची सक्ती नव्हती. तरी हे आपणहून बोलले.

“तुला एक सांगू? जिना चढून वर आलो की तू माझ्या छातीकडे बघतेस. तोंडाकडे बघत नाहीस. त्यानं मला रोज आठवतं की मी आजारी आहे.”

मला काय बोलावं सुचेना. राग आला, मग रडू आलं. मी म्हटलं, “आणि तुम्ही कधी सांगितलंत, की आज बरं वाटतंय? सांगितलं असतंत तर मी छातीकडे कशाला बघितलं असतं?” दोघांचंही खरं होतं. परत येताना वारा तोंडावर होता. बोलता येत नव्हतं म्हणून फक्त “उजवं!” तेवढं ओरडत आलो.

शेवटच्या दिवशी सायकली परत करून पाल्माला आलो आणि बसनं डोंगरातल्या वायदेमोसाला गेलो. इथल्या जुन्या मठात १८३८-३९ चा हिवाळा ज्योर्ज साँ ही फ्रेंच लेखिका, तिची दोन मुलं आणि आजारी शोपँ हा संगीतकार राहिले होते. त्याच्या छातीच्या दुखण्याला चांगली हवा मिळावी म्हणून ते आले, तर मिळाला पाऊस, थंडी, ओलसर भिंती. क्षयाच्या भीतीनं लोक जवळ येईनात. पॅरिसहून मागवलेला पियानोही कस्टमनं अडवून ठेवला होता. तशात शोपँनं आपली चोवीस प्रेल्यूद्स इथे पुरी केली, आणि तिनं पुढे त्या हिवाळ्यावर पुस्तक लिहिलं, त्यात बेटावरच्या लोकांवर सगळा राग काढला. मी त्या खोल्यांमधून फिरताना विचार करत होते तो तिचा. आजारी माणूस, दोन पोरं, परका मुलूख आणि लिहायचं कामही. तिच्या मनात राग साठला यात नवल काय?

बेटावर सगळं गोडच आहे असं नाही. पाहुण्यांच्या गर्दीनं घरभाडी इतकी चढली आहेत की २०२४ मध्ये पाल्मामध्ये हजारो लोकांनी मोर्चे काढले. आमच्या बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, त्यांच्या लग्न झालेल्या मुलाला गावात खोली परवडत नाही. मुलगा-सून त्यांच्याकडेच राहतात. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण आपल्याला कळतंच ना! म्हणून पाहुण्यासारखं राहावं, गावातल्या दुकानातून घ्यावं, पाणी जपून वापरावं.

जायचं मनात आलं, तर चार गोष्टी सांगते.

व्हिसा शेंगेनचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा सक्तीचा आहे, पण घरात जुनं दुखणं असेल तर त्या दुखण्याचा खर्च विम्यात धरला आहे का, हे वाचून, विचारून, लेखी घ्या. औषधं दोन ठिकाणी विभागून न्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत जवळ ठेवा.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले महिने. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही सोसत नाही.

ओढणी, साडी, सैल पायजमा नको, चाकात जातो. आतून गादी शिवलेली सायकलची तुमान मिळते, ती घ्या आणि वरून कुर्ता घाला. लाजू नका. पहिल्या दोन दिवसांत बसायचे हाल होतात, त्यावर दुसरा उपाय नाही. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे.

शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको, आणि ‘सिन पेस्कादो’ म्हणजे मासळी नको, ही दोन्ही वाक्यं पाठ करा. एकावर भागत नाही. तिथला प्रसिद्ध वेटोळ्याचा गोड पाव, एन्साइमादा, दिसतो साधा, पण त्यात डुकराची चरबी असते. नावच त्यावरून पडलं आहे. त्याऐवजी बदामाचा केक ‘गातो’ मागा, पण त्यात अंडी असतात बरं का. आणि ‘पा आम्ब ओली’ म्हणजे पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल आणि मीठ. आमची न्याहारी रोज तीच.

तिथला एक पदार्थ मात्र मी घरी आणला आहे. त्याचं नाव तुंबेत. चौघांसाठी तीन बटाटे, एक मोठं भरताचं वांगं, दोन लाल सिमला मिरच्या, सहा पिकलेले टोमॅटो आणि सहा लसूण पाकळ्या घ्या. वांग्याच्या चकत्यांना मीठ लावून अर्धा तास ठेवा, सुटलेलं पाणी टिपून घ्या. बटाट्याच्या पातळ चकत्या, वांगं आणि मिरच्यांच्या फाका वेगवेगळ्या तेलात मऊ तळून घ्या. लसूण परतून त्यात सोललेला, चिरलेला टोमॅटो घाला आणि दाट रस होईपर्यंत आटवा. खाली बटाटे, वर वांगी, वर मिरच्या आणि सर्वांत वर टोमॅटोचा रस. गरम किंवा गार, कसंही छान लागतं. पथ्य असेल तर भाज्या तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात भाजा. मी तसंच करते.

नाशिकला येऊन आता सहा महिने झाले. बॅटरीची सायकल काही आम्ही घेतली नाही, साध्याच दोन आहेत. पहाटे सोमेश्वरापर्यंत जातो. गोळ्यांची डबी आता हे स्वतः भरतात. पहिल्या आठवड्यात एक दिवस चुकले, मी मुद्दाम गप्प राहिले, दुपारी त्यांचं त्यांनाच आठवलं. अजून जिना चढून आले की माझी नजर खाली जाते. मग मी ती उचलून तोंडाकडे नेते आणि विचारते, “कसं वाटतंय?”

हे पूर्वी “हं” म्हणायचे. आता सांगतात.